धावता माग

साखर पेठेत, मागांच्या खडखडाटात
लावण्या येमूल लॅपटॉप उघडते:
उडत्या विमानाला वरच्या वर इंधन पाजणारी विमानं,
तीन आराखडे.
एकाच्या शेपटाशी ताठ नळी.
दुसऱ्याच्या पंखांतून लोंबते होस, टोकाला टोपली.
तिसरं म्हणजे नुसता पंख, चपटा,
आत माणूसच नाही.

"ताठ नळीतून तेल भराभर जातं, नायना."

नायना चष्मा कपाळावर सरकवतात.
चाळीस वर्षं तुटले धागे सांधलेलं बोट
नळीवर टेकतं,
पडद्यावर वंगणाचा डाग.

"आणि हिसका बसला, की
सैल कोण सोडतं?"

ती गप्प.
पलीकडे धोट्यातली कांडी संपत आलेली;
आवाजावरूनच ओळखून ते उठतात.

तिसऱ्या आराखड्याखाली ती लिहिते: हिसका?
डाग मात्र पुसत नाही.