चतुःसीमा

मोटघरे दलाल म्हणाला, "मॅडम, महालात घर भेटत नाही,
सुटते एखादं. घेऊन टाका."
साडेचारशे फूट. जिना इतका उभा
की कपाट दोरानं गच्चीवरून चढवावं लागेल.
याच पैशात बेसा रोडला दोन बेडरूम, लिफ्ट,
आणि खिडकीतून दिसणारं काहीच नाही.

खरेदीखताचा मसुदा मी तीनदा वाचला.
पूर्वेस बोळ. पश्चिमेस तेलाच्या घाण्याची भिंत,
घाणा आता नाही. दक्षिणेस नाली.
उत्तरेस हेडाऊ, म्हणजे विकणाऱ्याचाच भाऊ.
बारा वर्षांचा अबोला मसुद्यात नव्हता,
तो मोटघरेनं चहा पिताना सांगितला.

रजिस्ट्रीत यंत्र हिरवं होईना.
दौलतराव हेडाऊंचा अंगठा पुसला, ओला केला.
"काका, दाबा ना जरा."
पन्नास वर्षं मागावर सूत सरकवून
रेषाच उरल्या नव्हत्या.
"घ्या," ते हसले, "मी कोणीच नाही. फुकट राहा."

शेवटी डावी करंगळी लागली.

किल्ली देताना म्हणाले,
नळ पहाटे चारला येते, पाऊण तास.
आणि उत्तरेची खिडकी उघडत जा.
आम्ही नाही उघडली.

काल उघडली. बिजागरीतून गंज सांडला.
पलीकडे एक म्हातारा दाढी करत होता.
आरशातूनच त्यानं विचारलं,
"गेला का तो? कुठी?"
बेसा रोड, मी म्हटलं. दुसरा मजला, लिफ्ट आहे.

त्यानं वस्तरा खाली ठेवला.
अर्धा गाल तसाच पांढरा.