तूट

कारैकुडी शाखेतली माझी पहिली तूट
सतराशे रुपयांची.
वळ्ळियप्पन साहेब केबिनबाहेर येऊन असे ओरडले
की बाकावरची गिऱ्हाइकं उठून उभी राहिली,
आणि कुलूपवाला आरोग्यसामी
पासबुक न भरताच परत गेला.
संध्याकाळी तिजोरीची दुसरी किल्ली फिरवताना
त्यांनी खिशातून नोटा काढल्या,
न मोजता
(हा माणूस भाजीवाल्याची सुट्टी नाणीही दोनदा मोजायचा)
आणि म्हणाले, "जुळव."

दुसरी तूट नऊ वर्षांनी. साडेचारशे.
उमैयाळ मॅडमनी खुर्ची दिली, कॉफी मागवली,
पेल्यातून वाटीत ओतून स्वतः निववली,
मुलीची शाळा विचारली.
मेमो दुसऱ्या दिवशी आला.
एकही स्वल्पविराम चुकलेला नव्हता.

मेमो अजून ट्रंकेत आहे.
सतराशे द्यायचे राहून गेले;
साहेब देवकोट्टैला वारले, मला आठवड्याने कळलं.

आज मॅडम रजेवर, चार्ज माझ्याकडे.
शटर अर्धं खाली.
नवा कॅशियर सेवुगन दारात उभा,
हातात दोनशे दहाची चिठ्ठी, ओठ कोरडे.

मी चष्मा काढतो.
काच स्वच्छच आहे.
पुसत राहतो.