लाल चिठ्ठ्या संपल्यावर

अबांकायच्या वळणाखाली बस उताणी.
कमांडरचं जाकीट
पहिल्यांदा पोचलेल्या हवालदाराने चढवलं.
ढगळ होतं. तरी दरीकडे तोंड करून
तो कठड्याशी उभा राहिला,
खाली धावला नाही; तेच त्याचं काम.

साबिना उतरली.
माणसामागे तीस सेकंद:
श्वास, नाडी, ‘माझा हात दाबा’.
लाल. पिवळी. लाल. लाल.
चिठ्ठ्या संपल्या तेव्हा
नुसत्या खरचटलेल्या एर्मेलिंदाबाईंनी
पर्समधली लिपस्टिक पुढे केली.

एका तरण्या पोराची मान
तिने सरळ केली. वाट पाहिली.
पुन्हा केली, नियमात एकदाच असून.
काळी.

‘किती?’ वरून हाक.
तिने आकडे सांगितले.

एर्मेलिंदाबाई हिरवी चिठ्ठी सांभाळत
त्या पोराशेजारी जाऊन बसल्या.
साबिनाने पाहिलं,
आणि हातातली नाडी
पुन्हा पहिल्यापासून मोजली.