फणी

काचेचा तुकडा आहे, पावलीएवढा.
पुण्याहून आणला तो रुमालात, रुमाल डबीत,
आणि डबी सबंध वाटभर मांडीवर.
नायना तो उजेडात धरतात.
वीज गेलीय, माग थांबलेत,
तरी शेडमध्ये कानात खडखडाट चालूच.

"यात काय नाही की."
आहे. ॲल्युमिनियमच्या तारा. उभ्या, शेजारीशेजारी,
एका केसाच्या जाडीत पाचशे.

चष्मा कपाळावर चढतो.
चाळीस वर्षं फणीत धागे ओवलेला माणूस,
इंचातली घरं अंगठ्यानं मोजणारा,
हळूच विचारतो, "ओवलं कुणी?"

कुणी नाही. इलेक्ट्रॉनच्या झोतानं नक्षी ओढली, रात्रभर.
मी नुसती यंत्रापाशी बसून.
"म्हणजे रात्रपाळीच."

मग मी सांगायला लागते.
उजेड थरथरतो, उभा, आडवा, तिरपा,
ऊन म्हणजे सगळ्या दिशांची गर्दी,
आणि ही जाळी त्यातली एकच पुढे सोडते.
"उभ्या तारांतनं उभा जाणार," ते म्हणतात.
सगळेच म्हणतात. मीही पेपरात तेच लिहिलं होतं,
तांबड्या शाईचा भोपळा मिळाला.

नाही, नायना. उभा आला
की तारेतले कण तारेच्या लांबीभर वरखाली धावतात
आणि त्याला आल्या वाटेनं परतवतात.
आडव्याला अडवायचं, तर तारेच्या रुंदीत
धावायला त्यांना जागाच कुठाय?
तो सुटतो.

ते गप्प.
थांबलेल्या मागाच्या फणीत एक काडी वाकलेली,
ती नखानं सरळ करतात.
"मग बरोबर आहे, बिड्डा.
उभा तो ताणा. तो कुठं जातोय?
जातो तो बाणाच."

माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण
सत्तावीस पानांचं आहे.

पाचच्या सुमाराला सिद्धेश्वर तलाव,
पाणी नव्या पत्र्यासारखं डोळ्यांत घुसणारं.
तुकडा त्यांच्या डोळ्याशी.
तारा आडव्या करा, असं मी म्हणायच्या आत
बोटांनी तो फिरवलेला.
चमक विझते. खाली शेवाळलेली पायरी,
करवंटी, करवंटीत बोटभर मासा.
पुन्हा उभ्या. पुन्हा आडव्या.
मासा नाही. आहे. नाही.

"चादर पण अशीच बघायची असते," ते म्हणतात,
"समोरून नाही, तिरकी.
तुटलेला धागा तेव्हा सापडतो."

तुकडा परत मागायला
मी अंधार पडेपर्यंत थांबते.