लाकडी हातोडा

आमच्या गावाला झोप लागायची एका आवाजावर.
वर, कड्याच्या पोटाशी, जिथे पाट फळ्यांवरून जातो
आणि खाली सहाशे हात नुसती हवा,
तिथे पाण्याने फिरणारं एक चाक,
चाकाला दांडा, दांड्याला लार्चच्या लाकडाचा हातोडा.
टक्.
मग तीन श्वासांइतकं काहीच नाही.
टक्.
पाणी चालू आहे, एवढंच सांगायचा.
आम्हाला तो ऐकू यायचा थांबल्यावर.

माझा बाप माइनराड पाटकरी.
वर्षाला राईची दोन पोती, चीजची एक चकती
आणि गावभरच्या शिव्या.
हिमनदीचं राखाडी पाणी, पिठासारखा गाळ घेऊन येणारं,
एकवीस दिवसांनी एकदा प्रत्येक कुरणाला.
कुणाचं किती, ते काठीवर.
प्रत्येक घराची वीतभर काठी, तिच्यावर घराची खूण
(आमची कोंबड्याचा पाय, थेओफिलकडची उलटी शिडी)
आणि खाचा : पूर्ण खाच चार तास, अर्धी दोन,
नुसता ओरखडा एक.
सगळ्या काठ्या चामड्याच्या वादीत ओवून खुंटीला.
वाऱ्याने वाजल्या की आई म्हणायची,
"बघ, भांडतायत."

थेओफिल चार वर्षं आमच्याशी बोलत नव्हता.
त्याचं म्हणणं, बापाने त्याचं दारं
घटकाभर आधी बुजवलं.
बापाचं म्हणणं, चर्चचं घड्याळ पुढे होतं.
खरंच पुढे होतं का, आता कुणाला विचारणार.
रविवारी दोघं एकाच बाकावर बसायचे,
मध्ये एक टोपी ठेवून.

जुलैतली रात्र. मी अकरा वर्षांची.
जागी झाले आणि का झाले ते कळेना.
अंधार तोच. खालच्या मजल्यावर गाय तशीच श्वास घेत होती.
हवेतून कुणीतरी काहीतरी काढून नेलं होतं.
बाप तोवर बुटांत.
मला भाऊ नाही, म्हणून कंदील माझ्या हातात.

गल्लीत दारं उघडत होती, हाका न मारता.
विधवा क्रेझेन्झिया, खांद्यावर कुदळ.
पाद्री, झग्याची टोकं कमरेत खोचून.
आणि सगळ्यांच्या पुढे, झोपायच्या सदऱ्यावर,
पाठीला फळी बांधून, थेओफिल.

दोन फळ्या दगडाने नेल्या होत्या.
पाणी दरीत पडत होतं आणि आवाज येत नव्हता,
इतकी खोल.
बाप दोराला लोंबकळला. दोर वरून थेओफिलने धरला.
"डावीकडे," म्हणाला. मग "खिळा". मग "थांब".
चार वर्षांत तीन शब्द.
मी कंदील धरून बघत होते
दोर त्याच्या तळव्यात कसा रुततोय ते.
भेगांत शेवाळ कोंबलं, पाचरी ठोकल्या.
पहाटे पाणी नव्या फळीवर आलं, बिचकत,
जनावर परक्या गोठ्यात शिरतं तसं.
टक्.
क्रेझेन्झिया म्हणाली, "चला, धारा काढायच्यात."

उतरताना दोघं पुन्हा गप्प.
पुढची नऊ वर्षं गप्प, थेओफिल जाईपर्यंत.
फक्त उलट्या शिडीखाली एक ओरखडा नवा होता,
आणि आमच्या काठीवरचा एक
कुणीतरी तासून काढलेला. चाकू बापाचा.
आईने पाहिलं, खुंटीला परत टांगली.
त्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या कुरणाचं टोक पिवळं पडलं.

आता बरंचसं पाणी बोगद्यातून येतं.
जुन्या पाटावर वरची कुरणं तेवढी.
मी खाली शहरात राहते, तिसऱ्या मजल्यावर.
रात्री फ्रिजची घरघर थांबली की
पायाने पलंगाखाली बूट चाचपते.

वसंतात चिठ्ठी येते : खाचेमागे एक माणूस, फावडं स्वतःचं.
आमच्या पाच खाचा. माणूस मी एकटी,
म्हणून पाच दिवस राहते.
काल पाचर ठोकताना अंगठा चेचला.
वरून थेओफिलचा नातू म्हणाला, "लागलं का?"
मी म्हटलं, "दोर धर."