ओ

उलानबातार. पहाटेचे तीन दहा.
खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनेही बर्फ धरलाय.
बोटं कापलेले हातमोजे घालून
न्यामसुरेन काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करते :
पिंग, मग मोकळी जागा, मग टिंबांनी तोडलेले चार आकडे.
हा पत्ता चौदाशे किलोमीटर पश्चिमेला,
खोव्दच्या इस्पितळात, औषधांच्या कपाटामागे
घुंई करत बसलेल्या सर्व्हरचा.

एंटर.

चौसष्ट बाइट, बेचाळीस मिलिसेकंद.
चौसष्ट बाइट, एक्केचाळीस.
चौसष्ट बाइट, बेचाळीस.

जागा आहे तर. हाकेला ओ देतोय.
मग काल संध्याकाळपासून एक्स-रे का येत नाहीत?
घोड्यावरून पडलेल्या पोराची मांडी
तिकडे अडकून पडलीय,
इकडे हाडांचा डॉक्टर गँबोसुरेन
कोटासकट खुर्चीत झोपलाय.

ती दुसरी आज्ञा देते.
आता नुसती हाक नाही,
थेट एकशे चार नंबरच्या दारावर थाप.
कर्सर लुकलुकतो.
लुकलुकतो.
दार उघडत नाही, आतून कुणी खेकसतही नाही.
वेळ संपली, एवढंच येतं.

तिचा बाप मेंढरांमागे फिरणारा.
तो सांगायचा, परक्या तंबूला थाप मारायची नसते,
लांबूनच ओरडायचं : कुत्रा आवरा!
कुत्रा अंगावर आला तर बरं समजायचं,
घरात माणूस आहे, चूल आहे.
काहीच आलं नाही तर पुढे जाऊन बघायचं,
बहुतेक गवतावर नुसतं गोल वळ असतं,
बिऱ्हाड उठून गेलेलं.

(बाप सध्या हिवाळी कुरणावर.
त्याचा फोन तीन आठवडे संपर्क क्षेत्राबाहेर.)

खोव्दला रात्रपाळीची नर्स फोन उचलते.
हो, दुपारी एक पोरगा आला होता,
सुरक्षेचं काहीतरी बसवून गेला.
भिंत घातली म्हणाला.
न्यामसुरेन एकेक अक्षर सांगत जाते,
नर्स एका बोटाने टाइप करते,
मध्येच, थांबा हं, सलाईन संपलंय, म्हणून निघून जाते,
परत येते.

पुन्हा एकशे चार.
या वेळी ताबडतोब, डोळ्याचं पातं लवायच्या आत :
जोडणी नाकारली.

न्यामसुरेन एकटीच हसते.
भुंकला.

आता फक्त आतल्याला उठवायचं.
ती नर्सला शेवटची ओळ सांगते,
आणि चहाचं पाणी ठेवायला उठते. दूध, मीठ.
पिंगची खिडकी बंद करायची राहून गेलीय :
दोन हजार तीनशे सहा, बेचाळीस.
दोन हजार तीनशे सात, एक्केचाळीस.

चहाला उकळी येते तोवर
शेजारच्या पडद्यावर वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने,
पांढरं मांडीचं हाड उतरू लागतं.
मधोमध तडा.
ती डॉक्टरचा खांदा हलवते.
तो झोपेतच म्हणतो : ओ.