तक्रारवही

मी काउंटरला बसते, हरिपूर रस्त्याला.
पाटी अजून आमचीच: चौगुले केबल अँड ब्रॉडबँड.
'केबल' निम्मं उन्हानं उडालंय.

तक्रारवही माझ्याकडं. लाल कापडी पाठीची, चौथी.
"वैनी, नुसतं गोल फिरतंय."
"वैनी, पोरीचा इंटरव्ह्यू आहे चारला, तेवढं बघा."
"वैनी, उंदरानं वायर खाल्ली. आमच्या नव्हे, तुमच्या उंदरानं."
पुढं माझ्या अक्षरात:
सिकंदर गेला.
सिकंदर जाऊन आला.
झालं.

मागच्या महिन्यात विश्रामबागला मीटिंग होती,
आम्ही अकरा ऑपरेटर, प्रत्येकापुढं पेन आणि पेपरमिंट.
पडद्यावर नकाशा, नकाशात सांगलीचा ठिपका,
आम्ही त्या ठिपक्याच्या आत कुठंतरी.
कंपनीचा मुलगा तिशीच्या आतला, नम्र.
तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.
म्हणाला, पहिले सहा महिने आम्ही फुकट देणार.
तोटा? तोटा नाही मॅडम, गुंतवणूक.
तुमच्यापुढं दोन रस्ते. एक, भागीदार व्हा.
दुसरा त्यानं सांगितलाच नाही, पाणी प्याला.
मग विचारलं, तुमची गळती किती?
म्हणजे महिन्याला किती ग्राहक सोडून जातात?
भूपाल माझ्याकडं बघायला लागले.
मी म्हटलं, मेले तर जातात.
सगळे हसले.
मी हिशेब सांगत होते.

गळती म्हटलं की मला पेव आठवतं.
सासऱ्यांची तीन होती, हळदीची,
तोंड माणूस जाईल एवढं, पोटात वखार.
उघडलं की आधी कंदील सोडायचे दोरीनं.
विझला, तर कुणी उतरायचं नाही,
मग वर व्यापारी कितीही घाई करू दे.
पुराचं पाणी शिरलं त्या साली तिन्ही बुजवली.
माल शीतगृहात गेला,
आणि आम्ही वर बघायला लागलो:
छत्री आली, छत्री गेली, डबा आला,
डब्यामागून ही काचेची तार.

खोटं कशाला बोलू,
दर वेळी आम्हीही कुणाची तरी पाटी उतरवलीच.
गुंडा मगदूमांचा एस.टी.डी. बूथ होता या गाळ्यात.
पिवळी पाटी, मागून कोरी.
मीच म्हटलं होतं, नवीन कशाला, हीच उलटी करा.
मगदूम रंग वाळेपर्यंत उभे होते,
जाताना मीटर तेवढा नेला, कागदात गुंडाळून.
तेव्हा मला तो नुसता एक म्हातारा वाटला.

सही झाली. प्रति ग्राहक किती, ते सांगत नाही,
बाजारात हळकुंडाला बरा भाव आहे.
वही त्यांना नको होती.
त्यांना नाव, नंबर, पत्ता हवा होता, रकान्यात.
आवटींच्या म्हातारीला फोन ऐकू येत नाही,
दार वाजवावं लागतं, तेही मागचं,
याला रकाना नव्हता.

परवा त्यांचं यंत्र आलं चर खणायला.
सिकंदरच होता सोबत, करड्या टीशर्टात,
पाठीवर कंपनी, खिशाला त्याचं नाव, तेही चुकलेलं.
बागेतल्या गणपतीच्या अलीकडं
दात खाली गेला तो गेलाच.
पेव. कुणाचं तरी, न बुजवलेलं.
वीस वर्षांची कोंडलेली हळद वर आली,
कडवट, ओली, यंत्रवाला बिहारी पोरगा शिंकत सुटला.

कंदील कुणाकडं असणार?
सिकंदरनं मोबाइलची बॅटरी मारली आत.
उजेड लख्ख गेला, पार तळापर्यंत, भिंतीचा पाचोळा दिसला.
"काही नाही वैनी, मोकळंच आहे, उतरू?"
मी त्याचा दंड धरला.
त्या उजेडाला श्वास लागत नाही रे,
त्याला काय कळणार खाली हवा कसली आहे.

संध्याकाळी वही काढली, सवयीनं.
लिहिलं: पेव लागलं. चर दोन हात सरकवली.
सिकंदर गेला.
सिकंदर जाऊन आला.
पुढचा शब्द लिहिला नाही.